मनगट जुळलं, संगणक नवा आला, तरी संध्याकाळी हात बधिर का होतो?

मनगटाचं हाड मोडून प्लास्टर निघालेल्या आणि पुन्हा कामाला लागलेल्या माणसांची एक तक्रार माझ्याकडे सारखी येते. माझं काम इंदुरात संगणक दुरुस्तीचं आहे. "नवीन माउस घेतला, कीबोर्ड बदलला, मशीनसुद्धा नवं केलं. दोन-चार दिवस बरं वाटलं. मग पुन्हा तेच. दुपार उलटली की बोटांना मुंग्या येतात, मनगट जड होतं, पॉइंटर अडखळतो." यानंतर माणूस आणखी एक माउस मागवतो आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

तक्रार परत येते, कारण तिच्यामागे बहुधा एक कारण नसतं, तीन-चार कारणं एकमेकांत अडकलेली असतात. एक दूर केलं की थोडा आराम पडतो, उरलेली आपलं काम करत राहतात. शिवाय हात रोज बदलत असतो, कारण तो बरा होत असतो. त्याच आठवड्यात टेबल, माउस आणि मशीन असं सगळं बदललं तर कशामुळे बरं वाटलं आणि कशामुळे बिघडलं, हे ओळखायला जागाच उरत नाही. म्हणून एका वेळी एकच बदल करा, त्याला कामाचे तीन-चार दिवस द्या, मगच पुढचा. खाली जे लिहिलं आहे ते याच क्रमानं करायचं आहे. पहिल्या काही तपासण्यांना एक रुपयाही लागत नाही.

उदाहरण माझ्या वहिनींचं देतो, त्यांना विचारूनच. सुदामा नगरात पावसात स्कूटर घसरली आणि उजव्या मनगटाजवळ रेडियस हाड मोडलं. पडताना आपण हात पुढे टेकतो तेव्हा सर्वांत जास्त मोडतं ते हेच हाड. अशा फ्रॅक्चरला प्लास्टर साधारण सहा आठवडे असतं, आणि खरी मेहनत ते निघाल्यावर सुरू होते. वहिनी सियागंजातल्या काही व्यापाऱ्यांचे हिशेब घरून सांभाळतात: टॅली, एक्सेल, जीएसटी पोर्टल. आकडे टाइप करणारा उजवा हातच गेला होता, आणि तारखा तर कोणासाठी थांबत नाहीत.

आधी मुंग्या कुठे येतात ते पाहा

"हाताला मुंग्या येतात" एवढ्यानं काही कळत नाही. कोणत्या बोटांना येतात ते नीट पाहा, शक्य झालं तर कागदावर पंजा काढून तेवढा भाग रंगवा. फिजिओथेरपिस्टला दाखवायलाही तो कागद उपयोगी पडतो.

अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडची बाजू एवढ्याच भागात मुंग्या असतील तर मनगटातून जाणारी मीडियन नस दाबली जात असण्याची शक्यता मोठी. ही नस मनगटाच्या तळव्याकडच्या बाजूला एका अरुंद बोगद्यातून जाते. फ्रॅक्चरनंतरच्या सुजेनं त्या बोगद्यात जागा आधीच कमी झालेली असते. त्यात कीबोर्डवर मनगट वर मुडपून तासन्‌तास टाइप केलं की दाब आणखी वाढतो. रात्री झोपेत हात बधिर होऊन जाग येणं आणि हात झटकला की बरं वाटणं, हीही याचीच खूण.

करंगळी आणि अनामिकेची तिच्याकडची बाजू बधिर होत असेल तर मनगटाकडे नाही, कोपराकडे पाहा. तिथे अल्नर नस कातडीच्या अगदी लगत असते. कोपर खुर्चीच्या कडक हातावर किंवा टेबलाच्या कडेवर टेकलेलं असतं, किंवा फोन कानाला लावून कोपर बराच वेळ दुमडलेलं राहतं. दुखरा हात जपायचा म्हणून माणसं कोपरावर भार देऊन बसतात आणि नवं दुखणं तिथे सुरू होतं. तिथे मऊ घडी ठेवा, किंवा खुर्चीचे हात काढूनच टाका.

मान वळवली की हातात कळ जात असेल तर कारण मानेत असू शकतं. स्क्रीन समोर आहे की बाजूला, ते मग आधी बघायचं.

चौथा प्रकार डॉक्टरांच्या लक्षात येणं कठीण, कारण तो दवाखान्यात दिसतच नाही. तो लॅपटॉपच्या धातूच्या अंगातून येतो.

चार्जर काढून बघा

लॅपटॉपच्या चार्जरमध्ये विजेतला गोंगाट दाबण्यासाठी मेन्सची बाजू आणि आउटपुटची बाजू यांच्यामध्ये एक लहान कपॅसिटर असतो. तीन पिनांचा चार्जर अर्थिंग असलेल्या सॉकेटमध्ये लावला तर त्यातून झिरपणारा अगदी सूक्ष्म प्रवाह जमिनीत निघून जातो. पण घरात अर्थिंगच नसेल, किंवा तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या कन्व्हर्टरमधून लावला असेल, तर त्या प्रवाहाला वाट राहत नाही. लॅपटॉपच्या धातूच्या अंगावर थोडा विद्युतदाब राहतो आणि आपण मनगट टेकवलं की प्रवाह आपल्यातून जातो. दोन पिनांचेच चार्जर असतात, त्यांच्यातही हे होऊ शकतं. चार्जर चांगल्या स्थितीत असेल तर हा प्रवाह मायक्रोअँपिअरमध्ये असतो आणि धोका नसतो, पण झिणझिण्या स्पष्ट जाणवतात. प्लास्टरमधून नुकत्याच निघालेल्या हाताची त्वचा फार हळवी असते, तिला त्या दुप्पट जाणवतात.

राजवाड्याच्या आसपासच्या जुन्या घरांमध्ये वायरिंग अनेकदा बदललेलं असतं आणि तिसऱ्या भोकात तार असेलच याचा भरवसा नसतो. नवीन कॉलन्यांमध्येही मी एक्स्टेन्शन बोर्डात अर्थची तार तुटलेली पाहिली आहे.

तपासणी सोपी आहे. चार्जर लावलेला असताना बोटाची मागची बाजू धातूवरून अगदी हलकी फिरवा. पृष्ठभाग खरखरीत किंवा थरथरता वाटला तर भिंतीतून चार्जर काढा आणि तेच पुन्हा करा. खरखर तत्क्षणी गेली तर ती वीज होती. नसेतून येणाऱ्या मुंग्या अशा एका सेकंदात जात नाहीत.

वहिनींकडे हेच केलं.

"भाऊजी, फिजिओ म्हणतात हात छान सुधारतोय. मग हे परत परत कसं होतं?"

"वहिनी, हात आहे तिथेच ठेवा. मी चार्जर काढतो."

"अगंबाई, तळव्यातलं गेलं की! पण अंगठ्यातलं आहे अजून."

त्या एका वाक्यात निम्मं निदान झालं. दोन वेगळ्या मुंग्या एकमेकांवर बसल्या होत्या. तळव्यातली विजेची, अंगठ्यातली नसेची. यातली कोणतीही एक दूर केली असती तरी "काही फरक नाही" असंच त्यांना वाटलं असतं.

उपाय असा. कन्व्हर्टर काढून टाका, तीन पिनांचा प्लग थेट भिंतीत लावा आणि इलेक्ट्रिशियनकडून त्या सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्या. आपल्याकडे २३० व्होल्टचा पुरवठा आहे, त्यामुळे स्वतः तारा उघडून बघू नका, एका हातानं तर मुळीच नको. आणि झिणझिणीऐवजी झटका बसत असेल तर तो चार्जर त्याच क्षणी बंद करून बाजूला काढा. ती गोष्ट वेगळी आणि गंभीर आहे.

संध्याकाळीच का?

हा प्रश्न जरूर विचारा, उत्तर बरंच सांगून जातं. एक कारण उघड आहे, दिवसभराचा थकवा. दुसरं कॅलेंडरात सापडतं. जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरण) ची तारीख महिन्याची ११, दर महिन्याला विवरण भरणाऱ्यांची जीएसटीआर-३बी (कर भरण्याचं विवरण) ची तारीख २०. त्रास या दोन तारखांच्या अलीकडेच वाढत असेल तर दोष माउसचा नाही, कामाच्या ओझ्याचा आहे. त्याला उपाय म्हणजे महिन्याच्या पहिल्या आठवड्यातच बिलं मागवून नोंदी सुरू करणं. व्यापाऱ्यांना हे स्पष्ट सांगायचा आपल्याला संकोच वाटतो, पण हात मोडलेल्या माणसाला तेवढं सांगायचा पूर्ण हक्क आहे, असं माझं ठाम मत आहे.

वहिनींच्या बाबतीत तिसरं कारणही निघालं. त्या रोज काम संपवताना नव्या एक्स्टर्नल एसएसडीवर (यूएसबीनं बाहेरून जोडायच्या वेगवान डिस्कवर) बॅकअप घ्यायच्या, आणि नेमका त्याच वेळी वायरलेस माउसचा पॉइंटर उड्या मारू लागायचा. पॉइंटर हातात राहत नाही तेव्हा आपण माउस आवळतो, बटण जोरानं दाबतो, एकच क्लिक तीनदा करतो. निरोगी हाताला याचं काही वाटत नाही. नुकत्या जुळलेल्या मनगटाला तेवढा अर्धा तास पुरतो.

हा बिघाड माउसचा नसतो, म्हणूनच माउस बदलूनही जात नाही. यूएसबी ३.० चा वेग सेकंदाला ५ गिगाबिट असतो. त्या वेगाच्या सिग्नलमधून जो रेडिओ गोंगाट बाहेर पडतो, तो २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात येतो. इंटेलनं २०१२ मध्ये यावर सविस्तर टिपण प्रसिद्ध केलं होतं. वायरलेस माउसचा इवलासा रिसीव्हर त्याच पट्ट्यात ऐकत असतो. तो एसएसडीच्या शेजारच्या पोर्टमध्ये असेल तर त्या गोंगाटात माउसचा आवाज बुडून जातो. ब्लूटूथ माउस घेतला तरी सुटका नाही, कारण ब्लूटूथही २.४ गिगाहर्ट्‌झवरच चालतं.

खात्री करायला एसएसडी काढा आणि माउस फिरवून बघा, मग लावून बघा. फरक दिसला तर साध्या यूएसबी २.० च्या एक्स्टेन्शन केबलनं रिसीव्हर टेबलावर माउसजवळ, वीतभर अंतरावर आणा. एसएसडी लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूच्या पोर्टला, आत धातूचं चांगलं आवरण असलेली (शील्डेड) जाड आणि आखूड केबल वापरून लावा. घरचं वायफाय ५ गिगाहर्ट्‌झवर टाकलं तर तेवढी गर्दी आणखी कमी होते.

खरं सांगायचं तर हात बरा होईपर्यंत मी सगळ्यांना तारेचाच माउस सुचवतो. रिसीव्हर नाही, बॅटरी नाही, आणि वजनालाही तो बहुधा हलका असतो. तार टेबलाच्या कडेवरून ओढली जात नाही ना, एवढंच पाहायचं.

पॉइंटर थोडा वेळ हात काढल्यावरच गोठत असेल, आणि बटण दाबल्यावर जागा होत असेल, तर ते वेगळं प्रकरण. विंडोज वीज वाचवण्यासाठी यूएसबी पोर्ट झोपवतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये जाऊन, वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू देण्याची खूण काढून टाका.

एका स्वस्त हबला कीबोर्ड, माउस, डिजिटल सहीचा (डीएससी) डोंगल आणि एक्स्टर्नल डिस्क असं सगळं लटकवलं असेल आणि मधूनच उपकरण सुटल्याचा आवाज येत असेल, तर वीज कमी पडते आहे. यूएसबी २.० च्या पोर्टला ५०० मिलिअँपिअर आणि ३.० च्या पोर्टला ९०० एवढीच मर्यादा ठरलेली आहे. डिस्क थेट मशीनला लावा किंवा स्वतःचा ॲडॅप्टर असलेला हब घ्या. असा हब टेबलावर, चांगल्या हाताच्या बाजूला असला म्हणजे डोंगल लावायला दर वेळी वाकून कॅबिनेटच्या मागे दुखरा हात घालावा लागत नाही.

टेबल, नंबर पॅड आणि माउसची जागा

माझ्या मते पैसे इथे आधी लावावेत, मशीनवर नंतर.

बाजारात मिळणारं टेबल बहुधा ७५ सेंटिमीटर उंच असतं. बेताच्या उंचीच्या बाईला ते उंच पडतं. मग खांदे वर उचलले जातात आणि मनगट टेबलाच्या कडेवर टेकून वर मुडपतं. कोपर साधारण काटकोनात आणि मनगट हाताच्या रेषेत सरळ, असं बसता आलं पाहिजे. टेबल कापता येत नाही, म्हणून खुर्ची वर घ्या आणि पायाखाली पाट ठेवा. कीबोर्डाच्या मागचे दोन छोटे पाय मिटून टाका. ते उघडले की कळा वाचायला सोप्या जातात खऱ्या, पण मनगट आणखी वर मुडपतं, आणि मीडियन नसेला तेच नको असतं. वहिनींच्या अंगठ्यातल्या मुंग्या पाट आणि मिटलेले पाय यांनीच सर्वांत जास्त कमी झाल्या.

नंबर पॅड हा हिशेबाच्या माणसांचा खास प्रश्न. पूर्ण कीबोर्डावर तो उजवीकडे आठ-नऊ सेंटिमीटर जागा खातो, माउस तेवढा बाहेर ढकलला जातो, आणि हात दिवसभर खांद्यातून बाहेर ताणलेला राहतो. नंबर पॅड नसलेला छोटा कीबोर्ड आणि वेगळा यूएसबी नंबर पॅड घ्या. मग पॅड डावीकडे ठेवता येतो. डाव्या हाताला सुरुवातीला विचित्र वाटतं, कारण बोटांचा क्रम उलटा होतो: ५ वर मधलंच बोट राहतं, पण ४ वर अनामिका आणि ६ वर तर्जनी येते. एक फायदाही आहे. एंटर कळ पॅडच्या उजव्या कडेला असते, उजव्या हातात ती करंगळीच्या वाट्याला येते, डाव्या हातात तर्जनीच्या. जुन्या नोंदींचा एखादा कागद घेऊन रोज थोडा वेळ नुसता सराव करा, खऱ्या वहीत लगेच हात घालू नका.

आता माउस. साधा माउस धरायला तळवा पूर्ण खाली वळवावा लागतो. रेडियस मोडल्यावर हात असा फिरवण्याची क्षमता बरेच दिवस अपुरी असते. तळवा वळत नाही म्हणून शरीर कोपर बाहेर काढतं आणि खांदा उचलतं, आणि संध्याकाळी खांदा दुखायला लागतो. उभ्या आकाराच्या माउसवर तळवा हस्तांदोलनासारखा उभा राहतो, त्यामुळे ही अडचण बरीच कमी होते. मात्र असा माउस उजव्या किंवा डाव्या एकाच हाताचा असतो. उजव्या हाताचा घेऊन डाव्यानं वापरू म्हणाल तर जमणार नाही. अंगठ्यानं फिरवायचा ट्रॅकबॉल मी टाळायला सांगतो, अंगठ्याच्या बुडाशी ताण येतो. बोटांनी फिरवायचा, दोन्ही बाजूंनी सारखा असलेला ट्रॅकबॉल चालतो आणि नंतर दुसऱ्या हातालाही वापरता येतो.

ऑनलाइन मागवण्याआधी जेल रोडला किंवा आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये जाऊन माउस हातात धरून बघा, आणि बघताना मनगटाचा पट्टा बांधलेलाच ठेवा. पट्ट्यानं तळव्याची जाडी बदलते. पट्टा असताना मनगट फिरत नाही, सगळी हालचाल कोपरातून होते, म्हणून पॉइंटरचा वेग थोडा वाढवावा लागतो. तो फार वाढवला तर बारीक चौकोनावर नेम धरताना पुन्हा आवळणं सुरू होतं. त्यासाठी डिस्प्लेमधलं स्केलिंग १२५ टक्के करा, चौकोनच मोठे होतात.

लॅपटॉप उंचीवर ठेवा, स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली, अंतर हातभर. वेगळा मॉनिटर घेतलात तर तो बरोबर समोर, लॅपटॉप बाजूला.

एका हातानं काम

विंडोज कळ आणि यू एकत्र दाबलं की ॲक्सेसिबिलिटीची पानं उघडतात. तिथे स्टिकी कीज सुरू करा. मग कंट्रोल आणि ए एकत्र दाबावे लागत नाहीत, एकामागून एक दाबले तरी चालतात. टॅलीप्राइममध्ये व्हाउचर स्वीकारायला कंट्रोल-ए आणि कुठेही जायला आल्ट-जी, हे दिवसभर लागतं, त्यामुळे या एका सोयीनं बोटांचा ताण खूप वाचतो. एफ८ नं विक्री, एफ९ नं खरेदी, या कळा तर एकट्याच चालतात. डाव्या हातात माउस घेतलात तर माउसच्या सेटिंगमध्ये मुख्य बटण बदलून घ्या.

बोलून लिहिणं मराठीत आता चांगलं चालतं. क्रोममध्ये गूगल डॉक्सचं व्हॉइस टायपिंग किंवा फोनवर जीबोर्ड, दोन्हींत मराठी आहे. पत्रं आणि निरोप यांसाठी जरूर वापरा. रकमा मात्र बोलून भरू नका. एक शून्य इकडचं तिकडे झालं तर शोधत बसण्यात हाताला वाचवलेला सगळा वेळ जातो.

मशीन शेवटी

संथ मशीनही हाताला दुखवतं, हे खरं आहे. थांबलेल्या स्क्रीनसमोर माणूस माउस धरून बसतो आणि क्लिक करत राहतो. पण नवं मशीन घेण्याआधी टास्क मॅनेजर उघडून बघा. डिस्क सारखी १०० टक्क्यांवर असेल आणि आत जुनी फिरती हार्डडिस्क असेल, तर तिच्या जागी एसएसडी टाकल्यानं जेवढा फरक पडतो तेवढा दुसऱ्या कशानं पडत नाही. जीएसटीआर-२बी (खरेदीवरच्या कराची यादी) च्या मोठ्या एक्सेल फायली उघडल्यावर मेमरी भरून जात असेल, तर रॅम ८ ची १६ जीबी करा.

खरेदीला जाताना जुन्या रॅमचा फोटो न्या. डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ यांच्या खाचा वेगवेगळ्या जागी असतात, एकाच्या जागी दुसरी बसत नाही, आणि लॅपटॉपची रॅम डेस्कटॉपपेक्षा आखूड असते. एम.२ (बोर्डावर थेट बसणारी चपटी) एसएसडी घ्यायची तर आपल्या बोर्डावरचा स्लॉट साटाचा आहे की एनव्हीएमईचा (जोडणीचे हे दोन वेगळे प्रकार आहेत), ते आधी विचारा. कॅबिनेट स्वतः उचलून नेऊ नका. कोणाला तरी बरोबर घ्या किंवा मिस्त्रीला घरी बोलवा.

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून अनेकांना आत्ताच नवं मशीन घ्यावं असं वाटतं. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा. त्यामुळे काही जुनी मशीनं खरोखरच मागे पडली. पण घरगुती वापरकर्त्यांना नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट घेण्याची सोय मायक्रोसॉफ्टनं ठेवली आहे. हात बरा होत असताना तेवढी मुदत वापरावी, असं माझं मत. नवा कीबोर्ड, नवा हात आणि नवी विंडोज हे तिन्ही एकाच महिन्यात शिकायला लावू नये.

मशीन बदलावंच लागलं तर जुनं फॉरमॅट करण्याआधी टॅलीचं लायसन्स त्यावरून सरेंडर करा. एका मशीनवर सुरू असलेलं लायसन्स तसंच दुसऱ्यावर चालत नाही. डीएससीच्या टोकनचा ड्रायव्हर आणि जीएसटी पोर्टलवर डिजिटल सही करायला लागणारं एमसाइनर हे सॉफ्टवेअर नव्या मशीनवर टाकून, तारखेच्या बरंच आधी एकदा सही करून बघा.

माझ्याकडे नाही, डॉक्टरांकडे जा

हात एकदम फार सुजला, कातडी तुकतुकीत किंवा लाल-निळी झाली, हलक्या स्पर्शानंही जळजळ होऊ लागली, बोटं वळेनाशी झाली, किंवा बधिरपणा दिवसरात्र जाईना, तर टेबल-खुर्ची बदलत बसू नका. आणि एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही: रेडियसच्या फ्रॅक्चरनंतर काही आठवड्यांनी अंगठा वर उचलणारी स्नायूची दोरी झिजून तुटू शकते, हाड फारसं हललेलं नसतानाही. एका सकाळी अंगठा वर उचलताच येत नसेल तर त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

सगळं करूनही परत आलं तर

घरातलं दुसरं कोणी त्या मशीनवर बसतं का, ते विचारा. वहिनींकडे सगळं ठीक झाल्यावर पुन्हा तक्रार आली तेव्हा कारण पुतण्या होता. तो रात्री अभ्यासाला बसायचा, माउसचं बटण उजव्या हाताचं करायचा, स्टिकी कीज बंद करायचा आणि खुर्ची खाली घ्यायचा. त्याचं विंडोजमध्ये वेगळं खातं उघडून दिलं. बटण, पॉइंटरचा वेग आणि स्टिकी कीज हे सगळं खात्यागणिक वेगळं साठवलं जातं, त्यामुळे तेवढा प्रश्न मिटला. खुर्चीची उंची मात्र कुठेच साठवली जात नाही. तिच्या मधल्या दांड्यावर वहिनींच्या उंचीला रंगीत टेप गुंडाळा, आणि कीबोर्डाचे पाय उघडलेले नाहीत ना, हे रोज कामाला बसताना हात फिरवून बघा.